अर्ज आमचा, मोबाईल दुसऱ्याचा!

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वस्त्यांमध्ये सगळे काही येते. झेंडे येतात, बॅनर येतात, रिक्षावरचा भोंगा येतो, हात जोडलेल्या उमेदवाराचे भले मोठे छायाचित्र चौकात लागते, आणि रात्री उशिरा आणखी जे काही यायचे तेही येते. येत नाही ती फक्त मतदार यादी. ती पाहायला मिळते मतदानाच्या दिवशी सकाळी, बूथबाहेरच्या टेबलावर. तेथे पंधरा-वीस वर्षे मतदान करीत आलेल्या माणसाला कळते की यंदा आपले नावच नाही. मग आरडाओरड होते, कार्यकर्ते जमतात, षड्‌यंत्राचा आरोप होतो. काही वेळा तो आरोप खराही असतो. परंतु त्या दिवशी काहीही करता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २३ सांगते की, उमेदवारी अर्ज दाखल करण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. त्यानंतर नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. मतदान केंद्रावरचे भांडण म्हणजे मुदत संपलेल्या दाव्यात केलेला युक्तिवाद!

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत तर ही तारीख आणखी मागे जाते, आणि हे आमच्या पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नाही. नगरपरिषद, जिल्हा परिषद वा महानगरपालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेची जी यादी राज्य निवडणूक आयोगाने ठरविलेल्या तारखेला अस्तित्वात असते तीच प्रभागांत विभागली जाते. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचे आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महानगरपालिकांचे मतदान झाले, त्यासाठी धरलेली यादी होती १ जुलै २०२५ ची. म्हणजे ज्या मुलाने गणपतीच्या सुट्टीत मोबाईलवरून अर्ज भरला, ज्याला ओळखपत्रही मिळाले, तो जानेवारीत केंद्रावर गेला तर त्याचे नाव यादीत नव्हते. ओळखपत्र खिशात असणे आणि नाव यादीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत देण्याचा अधिकार यादीतल्या नावाला आहे. ओळखपत्र हा फक्त ओळखीचा पुरावा आहे.

ही यादी काय चीज आहे हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जेवढे कळले होते तेवढे त्या काळच्या फार थोड्या पुढाऱ्यांना कळले होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मताधिकाराचाच प्रश्न मांडला. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मालमत्ता आणि सारा यांवर मताधिकार ठरण्याचा तो काळ. अस्पृश्याला जमीन नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून मत नाही, असे ते चक्र होते. निरक्षर माणसाला मत कशाला, असा सवाल तेव्हाचे शहाणे लोक करीत. ज्यांना शिकू दिले नाही त्यांच्या निरक्षरतेची सबब सांगून त्यांना मत नाकारणे बाबासाहेबांनी मान्य केले नाही. पुढे संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार आला. तो सहजासहजी आलेला नाही.

अधिकार देऊन काम भागत नाही, हेही बाबासाहेबांनी पाहिले होते. जून १९४९ मध्ये निवडणूक आयोगाचा अनुच्छेद संविधान सभेत मांडताना त्यांनी मतदार यादीचा विषय काढला. काही प्रांतांत, वेगळ्या वंशाचे, संस्कृतीचे वा भाषेचे म्हणून लोकांना यादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी आहेत, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. स्थानिक सरकारचा पूर्वग्रह किंवा एखाद्या अधिकाऱ्याची लहर यांमुळे पात्र माणूस यादीतून वगळला जाता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच निवडणुकीची यंत्रणा सरकारच्या हातातून काढून स्वतंत्र आयोगाकडे देण्यात आली. म्हणजे मतदार यादीतून नाव गळण्याची भीती ही आयोगाच्या जन्मामागचीच एक भीती आहे. आज आयोगावर टीका करणाऱ्यांनी आणि आयोगाची बाजू घेणाऱ्यांनीही ही चर्चा एकदा मुळातून वाचावी.

आणि तरीही पहिल्याच निवडणुकीत काय झाले? १९५१-५२ च्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशीच त्यांची नोंद झालेली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरविले. निर्णय तत्त्वतः बरोबर होता. पण त्याची किंमत त्या २८ लाख बायांनी मोजली. नियम शुद्ध करायला जावे आणि त्यात दुबळ्याचाच हक्क गळावा, ही या देशातली जुनी रीत आहे. आजचा आमचा विषय त्याच रीतीचा आहे, फक्त त्यात मोबाईल आला आहे.

मतदार नोंदणी ऑनलाईन झाली ही गोष्ट आम्ही वाईट मानीत नाही. उलट, तहसील कार्यालयात ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य ऐकत ज्यांच्या चपला झिजल्या त्यांना तिचे मोल ठाऊक आहे. २०१५ मध्ये आयोगाने राष्ट्रीय मतदार सेवा पोर्टल सुरू केले. आता मतदार सेवा पोर्टल आणि आयोगाचे मोबाईल ॲप यांवरून घरबसल्या अर्ज करता येतो. पहिल्यांदा नाव घालायचे असेल तर नमुना ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, फोटो बदलायचा आहे, कार्ड हरवले आहे, यांसाठी नमुना ८. नाव वगळण्यासाठी वा दुसऱ्याच्या नावाला हरकत घेण्यासाठी नमुना ७. या अर्जांना एक रुपयाही शासकीय फी नाही. पूर्वी वर्षातून एकच तारीख होती, १ जानेवारी. त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर पोराला वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलाला आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. बारावीच्या वर्गातल्या आमच्या मुलामुलींना हे कोणी सांगते का? सीईटीचा फॉर्म कधी सुटतो हे त्यांना पाठ असते.

आता वस्तीत हा ऑनलाईन अर्ज प्रत्यक्षात कसा भरला जातो ते पाहू. घरात स्मार्टफोन असतो, पण तो पोराच्या हातात असतो आणि पोरगा कामावर. मग बाई आधार कार्ड, लाईट बिल आणि एक पासपोर्ट फोटो घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. दुकानदार पन्नास-शंभर रुपये घेतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही, त्याचेही पोट आहे. तो पोर्टलवर स्वतःच्या मोबाईल नंबरने आधीच शिरलेला असतो. त्याच खात्यातून तो दिवसाला दहा-वीस जणांचे अर्ज भरतो. अर्जात मोबाईल नंबराची जागा आली की तेथेही तो स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो, कारण ओटीपीसाठी बाईच्या मुलाला फोन करीत बसायला त्याला वेळ नसतो. अर्ज गेला. पोचपावतीचा संदर्भ क्रमांक आला तो दुकानदाराच्या मोबाईलवर. कागदपत्र अपुरे असल्याचा संदेश येईल तो त्याच्या मोबाईलवर. अर्ज नामंजूर झाल्याचे कळेल तेही त्यालाच. तो ते पाहतही नाही. बाईच्या हिशेबी नाव नोंदले गेले, पैसेही दिले. तिला सत्य कळते ते मतदानाच्या दिवशी, टेबलावर.

अर्ज आमचा आणि मोबाईल दुसऱ्याचा, ही आजची स्थिती आहे. ती किरकोळ वाटेल, पण वकील म्हणून आम्हाला ती फार गंभीर वाटते. कारण नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करण्याची मुदत आहे १५ दिवसांची. आदेश झाल्याचेच ज्याला ठाऊक नाही तो अपील काय करणार? विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तोवर निवडणूक होऊन जाते आणि अपिलात उरतो फक्त कागद. तालुक्याच्या एका कार्यालयात आम्ही अशाच एका अर्जाची चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘अर्जदाराला मेसेज गेलाय.’ गेला होता हे खरे. कोणाला गेला, हा प्रश्न त्या खिडकीवर कोणी विचारीत नाही.

दुसरी अडचण नावाची. पोर्टलवर नाव इंग्रजीत टाइप केले की त्याचे मराठी रूप यंत्र आपोआप तयार करते. ते दुरुस्त करता येते, पण घाईत कोण पाहतो? मग कांबळेचे कांबले होते, गायकवाडचे गैकवाड होते, आणि एखाद्या आजीचे गऊबाई हे नाव वाचता येणार नाही असे काहीतरी होते. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. पुढे पडताळणीला येणारा कर्मचारी शेजारी विचारतो तेव्हा या नावाचे कोणी येथे राहत नाही असेच उत्तर मिळते.

आमच्या समाजात तर नावाचा प्रश्न आणखी खोल आहे. धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी जुनी, हिणवणारी नावे आणि आडनावे टाकून दिली. कोणी राजपत्रात जाहिरात देऊन बदलली, कोणी नुसतीच बदलली. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, मुलाच्या आधारवर दुसरे, मतदार यादीत तिसरे, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. लग्न झालेल्या मुलीचे तर आडनावही बदलते आणि मधले नावही. वस्त्यांच्या नावांचेही तसेच. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे, आमच्या कार्यकर्त्यांची ती जुनी मागणी होती. पण वस्तीच्या कमानीवर भीमनगर आणि जुन्या कागदावर दुसरेच नाव असेल तर दूर संगणकासमोर बसलेल्या माणसाला हे दोन पत्ते वाटतात. स्वाभिमानाने टाकलेले नाव कागदावर मागे लागते ते असे!

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ऑनलाईनचे दार उघडले तेव्हा त्यातून प्रामाणिक माणूस शिरला तसा लबाडही शिरला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा विधानसभा मतदारसंघात ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नवीन नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. तपासणीत त्यांतील ६,८६१ अर्ज बाद ठरले आणि पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. कर्नाटकात, आमच्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या आळंद मतदारसंघात, २०२३ च्या निवडणुकीपूर्वी उलटा प्रकार झाला. तेथे नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाईन अर्ज आले होते. चौकशीत त्यांतले फक्त २४ खरे निघाले. ज्यांच्या नावाने हे अर्ज भरले गेले त्यांच्यापैकी अनेकांना त्याची गंधवार्ता नव्हती. शेजाऱ्याच्या नावाने शेजाऱ्याचे नाव कापायचे, आणि दोघेही अंधारात!

दोन्ही ठिकाणी लबाडी पकडली गेली ती यंत्राने नव्हे. घरोघर जाऊन विचारणारी माणसे होती म्हणून पकडली गेली.

यावर आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाईन अर्जांना ई-साइन जोडले. आता अर्जदाराने आपला आधार क्रमांक द्यायचा, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला तरच अर्ज पुढे जातो. आधारवरचे आणि अर्जातले नाव एकच असले पाहिजे. बोगस अर्ज रोखण्यासाठी हे आवश्यक होते असे म्हणता येईल आणि आम्ही त्याला विरोध करणार नाही. आळंदमध्ये जे घडले ते रोखायचे तर कोणते ना कोणते कुलूप लावावेच लागणार होते. पण या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते पाहा. ज्याचा मोबाईल नंबर दहा वर्षे एकच आहे, ज्याचे आधार आणि नाव जुळते, त्याच्याकडे. आमच्या कष्टकरी माणसाने रिचार्ज संपला म्हणून तीनदा सिम बदललेले असते. आधार काढले तेव्हा दिलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याच कोणाला गेलेला असतो. बायकांच्या आधारला नवऱ्याचा नंबर, आणि नवरा सुरतेला. नंबर बदलायचा तर आधार केंद्रावर जा, रांग लावा, रोजंदारी बुडवा. म्हणजे राजुऱ्यात आणि आळंदमध्ये लबाडी केली दुसऱ्यांनी, आणि त्याची झडती आमच्या म्हातारीची! पूर्वी अक्षरओळख नाही म्हणून मत नाही म्हणत. आता मत नाही असे कोणी म्हणत नाही, फक्त ‘ओटीपी आला का?’ असे विचारतात.

येथेच कायदा नीट समजून घ्यायला हवा. ऑनलाईन अर्ज ही सोय आहे, सक्ती नाही. नमुना ६ आजही कागदावर भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात देता येतो आणि त्याची पोच मागता येते. ‘आता सगळे ऑनलाईनच झाले आहे’ असे जर कोणी खिडकीवरून सांगत असेल तर ते खोटे आहे. आधारचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयोगानेच सांगितले की, मतदार यादीसाठी आधार क्रमांक देणे बंधनकारक नाही आणि त्याप्रमाणे नमुन्यांत स्पष्टता आणली जाईल. ज्याच्याकडे आधार आहे त्याने ते जरूर वापरावे, त्यात कमीपणा काही नाही. ज्याचा ओटीपी येत नाही त्याने मात्र घरी बसू नये, कागद हातात घ्यावा. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना मोबाईलचा मोह फार. ज्या घरात नंबर जुळतो तेथे मोबाईल, ज्या घरात जुळत नाही तेथे कागद, एवढा विवेक त्यांनी ठेवला तरी अर्धे काम होईल.

कागदपत्रांची भीतीही थोडी कमी केली पाहिजे. राहण्याच्या पुराव्यासाठी लाईट बिल, बँक वा पोस्टाचे पासबुक, आधार, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी एखादे चालते. ते अर्जदाराच्याच नावावर असले पाहिजे असेही नाही, आईवडील वा जोडीदाराच्या नावावर असले तरी चालते. यातले काहीच नसेल तर? तर अर्ज फेकून देता येत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करणे बंधनकारक आहे. पुलाखाली, फुटपाथवर राहणाऱ्या माणसासाठीही तरतूद आहे. बीएलओने रात्री तेथे जायचे, एकापेक्षा अधिक रात्री जायचे, माणूस तेथेच झोपतो हे पाहायचे. त्याला राहण्याचा कागदी पुरावा मागायचा नाही. ही तरतूद आम्ही सांगतो तेव्हा लोक अविश्वासाने हसतात. हसण्याचे कारण तरतूद नाही हे नव्हे. ती वापरून पाहणारा त्यांना कधी भेटलेला नसतो.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. बीडचा, जालन्याचा माणूस दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो तो उन्हाळ्यात परततो. मधल्या काळात घराला कुलूप पाहून ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला की नाव धोक्यात. येथे १९५० च्या कायद्याचे कलम २० पाठ असावे. घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तेथला रहिवासी ठरत नाही, हे त्यात आहे तसेच तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही, हेही त्याच कलमात आहे. हंगामी मजुराचे घर गावीच असते. तो फडावर राहायला गेलेला नसतो, राबायला गेलेला असतो. याउलट जो कुटुंब घेऊन कायमचा पुण्याला वा कल्याणला गेला आहे त्याने गावच्या भावकीच्या राजकारणासाठी दोन्हीकडे नाव ठेवू नये. एकाहून अधिक ठिकाणी नोंद कलम १७ आणि १८ ला मान्य नाही. अर्जातले खोटे निवेदन हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. आमच्याही काही पुढाऱ्यांना दुबार नावांचा शौक आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले. दुसऱ्याच्या बोगस मतांवर बोट ठेवायचे तर आपली यादी स्वच्छ हवी.

नाव घालण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष नाव काढण्याकडे दिले पाहिजे. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा सुमारे ६५ लाख नावे तीत नव्हती. कोणाची आणि का नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला आदेश दिल्यावर कारणांसह जाहीर झाले. आधार हाही कागद स्वीकारा, हेही न्यायालयालाच सांगावे लागले. वगळलेल्यांतले कित्येक खरोखर मृत असतील, गाव सोडून गेलेले असतील. प्रश्न तो नाही. वगळलेल्याचे नाव आणि कारण त्याला मागावे लागावे, हा प्रश्न आहे. कायदा तर कधीचा स्पष्ट आहे. मृत्यूचे कारण सोडल्यास, नाव काढण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे असे कलम २२ सांगते. मुंबई-दिल्लीतल्या वस्त्यांमधील रहिवाशांना परकीय ठरवून त्यांची नावे कापण्याचा प्रकार झाला होता, तेव्हा लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले की, आधीपासून यादीत असलेले नाव योग्य रीतीने आले आहे असे गृहीत धरले पाहिजे आणि ते काढायचे तर कारणाचा पुरावा त्या माणसापुढे ठेवला पाहिजे. तीस वर्षे झाली या निकालाला. आमच्या किती वकील मित्रांनी नोंदणी अधिकाऱ्यापुढे तो ठेवला असेल?

नाव काढण्यासाठी आलेल्या हरकती गुप्त नसतात, हेही सांगितले पाहिजे. नोंदणी अधिकाऱ्याने त्यांची यादी नमुना १० मध्ये प्रसिद्ध करायची असते. नवीन नावांच्या अर्जांची यादी नमुना ९ मध्ये असते. कोणी कोणाचे नाव काढायला सांगितले हे त्यात दिसते. सूचना फलकावर डकवलेला तो कागद वाचायला किती लोक जातात? राजकीय पक्षांचे केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमलेले असतात, त्यांना या याद्या मिळतात. आमच्या पक्षांचे म्हणाल तर गट इतके की प्रतिनिधी नेमायला माणूस शिल्लक नाही. असो. पक्षावाचूनही हे काम होऊ शकते.

ते विहारात होऊ शकते. रविवारी वंदनेला येणाऱ्या माणसांपैकी दोघे जण आपल्या यादी भागाची प्रत उतरवून घेऊन बसले, आणि वंदना संपल्यावर ज्याने त्याने आपले नाव पाहिले, तर किती वेळ लागतो? मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला की नाव मोबाईलवर दिसते. नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारता येते. ज्याचा अर्ज भरायचा त्याचा तेथेच भरा, पण अर्जात मोबाईल त्याचाच किंवा त्याच्या घरच्याचा टाका, कार्यकर्त्याचा मुळीच नको. चळवळीतला माणूस झाला म्हणून झेरॉक्सवाल्याची चूक पुण्याची ठरत नाही. मराठी नाव मोठ्याने वाचून दाखवा. संदर्भ क्रमांक वहीत लिहा आणि त्या माणसाच्या हातातल्या चिठ्ठीवरही लिहा. बीएलओ या आपल्याच भागातल्या अंगणवाडी सेविका नाहीतर शिक्षक असतात. त्यांच्यावर आधीच चार कामांचे ओझे असते, त्यांना शत्रू मानून काही साधत नाही. त्या पडताळणीला येतील त्या दिवशी कुलूपबंद घरांच्या बाबतीत खरी माहिती द्यायला वस्तीतले कोणीतरी सोबत असावे, एवढे पुरते. जाणीवपूर्वक कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ३२ आहे, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ते हत्यार आयोगाच्या वा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून चालत नाही, म्हणून ऊठसूट त्याची धमकी देऊ नये.

विहारातल्या त्या वहीत आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे अर्जाचे पुढे काय झाले याचा. पंधरवड्याने एकदा प्रत्येक संदर्भ क्रमांक टाकून पाहावा. ‘नामंजूर’ असे दिसले की त्याच दिवशी नोंदणी अधिकाऱ्याकडे जाऊन आदेशाची प्रत मागावी आणि आदेशाची तारीख वहीत लाल शाईने लिहावी. तेथून १५ दिवस मोजायचे, जिल्हाधिकाऱ्यांकडील पहिल्या अपिलासाठी. ते फेटाळले गेले तर ३० दिवस, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडील दुसऱ्या अपिलासाठी. अपील लिहून द्यायला प्रत्येक तालुका न्यायालयात आमचा एखादा तरी वकील आहे, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तो निळा फेटा बांधून पुढे असतो. त्याच्याकडे ही वही घेऊन जा.